मागचा शॉक बदलताना: आधी वजन, मग स्प्रिंग, क्लिक शेवटी

लांब पल्ल्याच्या मोटरसायकलला महागडा मागचा शॉक (शॉक ॲब्झॉर्बर) बसवला, तरी गाडी मागून उड्या मारते, ही तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा दोष शॉकचा नसतो, त्यावर चढवलेल्या स्प्रिंगचा असतो. स्प्रिंग तुमच्या आणि सामानाच्या वजनाला जुळत नसेल, तर डॅम्पिंगचे, म्हणजे स्प्रिंगचे झोके थोपवणाऱ्या तेलाच्या अडथळ्याचे, क्लिक (स्क्रूचे टप्पे) दिवसभर फिरवले तरी गाडी ताळ्यावर येत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी वजनकाटा आणि मोजपट्टी हातात घ्या.

उदाहरणाला रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११ घेऊ. मागे लिंकेजवर, म्हणजे चाकाची हालचाल शॉकपर्यंत नेणाऱ्या जोडदांड्यांवर, बसवलेला मोनोशॉक (एकच शॉक), मागच्या चाकाची चाल, म्हणजे चाक वर-खाली हलतं ते अंतर, १८० मिमी, गाडीचं वजन २०० किलोच्या आसपास. मूळ शॉकला फक्त प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी, रिंग आहे, डॅम्पिंग बदलता येत नाही. इंटरसेप्टर ६५० सारख्या दोन शॉकच्या गाडीत मागच्या चाकाची चाल ८८ मिमीच असते. तिथे खालचे मिलिमीटर चालणार नाहीत, टक्केवारी मात्र तीच धरा.

खरंच बदलायचा आहे का?

आधी लिंकेजची बेअरिंग तपासा. पावसाळाभर चिखलातून गेलेल्या गाडीची लिंकेज सुकलेली, कधी गंजलेली असते, आणि शॉक अडकल्यासारखा वागतो. ती उघडून, धुऊन, ग्रीस भरली की अर्ध्या लोकांचा बेत तिथेच रद्द व्हावा इतका फरक पडतो. शॉक खरंच गेला असेल तर खुणा स्पष्ट असतात. दांड्यावर तेलाचा पातळ थर नव्हे, ओघळ दिसतो. गतिरोधकावरून उतरल्यावर मागची बाजू दोन-तीनदा वरखाली होते. घाटात खराब रस्त्यावर अर्धा तास चालवल्यावर गाडी सकाळपेक्षा जास्त हेलकावे खाते, कारण तेल तापून पातळ झालेलं असतं आणि झिजलेलं सील त्याला धरू शकत नाही.

सॅग कसा मोजायचा

गाडी वजनाने, आधी स्वतःच्या आणि मग चालकासह, किती खाली बसते ते म्हणजे सॅग. मूळ शॉकवरच मोजून ठेवा, नव्या स्प्रिंगचा अंदाज त्यातूनच येतो. आठ-दहा किलोमीटर चालवून आणलेली गाडी घ्या, दोन माणसं मदतीला घ्या.

मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, सीटखालच्या पॅनलवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून बारीक पेनाने आडवी रेघ मारा. गाडी मधल्या स्टँडवर चढवा, मागचं चाक पूर्ण लोंबकळू द्या आणि ॲक्सलच्या मध्यापासून रेघेपर्यंतचं अंतर घ्या. समजा ६०० मिमी आलं. आता गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करा, मागून हलकेच दाबून सावकाश सोडा आणि मोजा. मग थोडी उचलून सावकाश सोडा आणि पुन्हा मोजा. दोन आकडे कधीच सारखे येत नाहीत, त्यांची सरासरी धरायची. फरक ४-५ मिमी असेल तर ठीक. १० मिमीच्या वर गेला तर कुठेतरी घर्षण आहे, म्हणजे पुन्हा लिंकेजकडे वळा. ६०० मधून ही सरासरी वजा केली की रिकाम्या गाडीचा सॅग मिळतो.

मग हेल्मेट, जॅकेट, बूट घालून गाडीवर बसा, पाय पेगवर, एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने त्याच पद्धतीने मोजायचं. हा चालकासह सॅग. १८० मिमीच्या चालीला तो साधारण एक तृतीयांश, म्हणजे ६० मिमीच्या जवळ हवा. रिकाम्या गाडीचा १० ते २५ मिमी.

स्प्रिंगबद्दलचा निकाल या दोन आकड्यांच्या जोडीतून लागतो, आणि तो पहिल्यांदा उलटा वाटतो. प्रीलोड आवळून चालकासह सॅग ६० वर आणला, पण रिकामी गाडी अजिबात बसत नाही, सॅग शून्य आहे, तर स्प्रिंग मऊ आहे. तिला इतकं दाबून ठेवलंय की रिकाम्या गाडीच्या वजनाने ती हलतच नाही. उलट चालकासह ६० आणि रिकाम्या गाडीचा ३५-४० येत असेल, तर स्प्रिंग कडक आहे. प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडीची मागची उंची वाढते. एवढं एक पक्कं लक्षात राहिलं तर निम्म्या चुका टळतात.

स्प्रिंगचा हिशोब

शॉकचा दांडा जितका आत जातो त्याच्या कितीतरी पट चाक वर जातं. चाकाची चाल भागिले शॉकची चाल हे गुणोत्तर. ते ३ धरू: १८० मिमी चाकाला ६० मिमी शॉकची चाल. चाकापाशी जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या आकड्याला गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे ९ ने भागून मिळतो. लिंकेजमध्ये गुणोत्तर चालीनुसार बदलतं, पण निवडीपुरतं सरासरी पुरते.

१०० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग, म्हणजे एक मिमी दाबायला १०० न्यूटन बल लागणारी, चाकापाशी ११ च्या आसपास होते. मागे ४० किलोचं सामान चढवलं, म्हणजे ३९२ न्यूटन, की गाडी ३५ मिमी खाली बसते. ते भरून काढायला स्प्रिंगला ३५ भागिले ३, जवळपास १२ मिमी जास्त प्रीलोड लागतो. हायड्रॉलिक नॉबला, म्हणजे हाताने फिरवून तेलाच्या दाबाने प्रीलोड बदलणाऱ्या मुठीला, साधारण १० मिमीचाच वाव असतो, तेव्हा नॉब शेवटपर्यंत फिरवूनही गाडी मागे थोडी झुकलेलीच राहते. १२० ची स्प्रिंग घेतली तर तेच सामान गाडीला २९ मिमी बसवतं आणि नॉबच्या १० मिमीत काम होतं. किंमत एवढीच की एकट्याने चालवताना रिकाम्या गाडीचा सॅग २० वरून २७ च्या आसपास जातो, मागची बाजू किंचित कडक लागते. टूरिंगच्या गाडीसाठी हा सौदा आम्ही बिनदिक्कत करू.

डबलसीटचं गणित वेगळं. मागे बसणाऱ्याचं वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर येतं. माणूस ६० किलो आणि सामान २५ किलो म्हटलं तरी मागे ८० किलो वाढले. १२० च्या स्प्रिंगवर गाडी ५९ मिमी बसते, प्रीलोड लागतो २० मिमी. कुठलाही नॉब ते देत नाही. नेहमी दोघं मिळून फिरत असाल तर १४० च्या आसपासची स्प्रिंग घ्या, भरल्या गाडीचा सॅग ६५ पर्यंत चालवून घ्या, आणि एकट्याने जायचं असेल तेव्हा रिंग सी-पान्याने (रिंगच्या खाचेत अडकणाऱ्या वाकड्या पान्याने) ढिली करा.

हे सगळे आकडे गुणोत्तर ३ धरून आहेत. तुमचं २.५ असेल तर भाजक ६.२५ होतो आणि स्प्रिंगचा आकडा पार बदलतो. विक्रेत्याला गाडीचं मॉडेल सांगून थांबू नका. चालकाचं साधनांसह वजन, मागे बसणाऱ्याचं वजन, पॅनिअर आणि टॉप बॉक्स भरून काट्यावर ठेवल्यावर आलेलं वजन, हे तिन्ही लिहून द्या. स्प्रिंगवर छापलेलं एकक पाहा: १० न्यूटन प्रति मिमी म्हणजे १.०२ किलो प्रति मिमी, म्हणजे ५७ पाउंड प्रति इंच. एककांच्या घोळात चुकीची स्प्रिंग घरी येते.

शॉक घेताना

ओहलिन्स, वायएसएस, नायट्रॉन, हायपरप्रो, विल्बर्स, टीएफएक्स, हॅगन अशी नावं बाजारात दिसतील. नावापेक्षा आधी हे विचारा: सील बदलणं आणि नायट्रोजन भरणं भारतात कोण करतं, सील किट मिळतं का? शॉक ही झिजणारी वस्तू आहे. धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीच्या शॉकचं तेल १५-२० हजार किलोमीटरला बदललेलं बरं. दर वेळी परदेशी पाठवावा लागणारा उत्तम शॉक घेण्यापेक्षा पुण्या-मुंबईत किंवा बेंगळुरूत उघडता येणारा मधल्या किमतीचा शॉक टूरिंगला जास्त कामाचा.

तेल आणि गॅस एकत्र असलेला इमल्शन शॉक स्वस्त आणि हलका असतो, पण लांब खडबडीत रस्त्यावर तेलात फेस होऊन डॅम्पिंग पातळ पडतं. स्पितीतल्या काझा किंवा लेहच्या बाजूला सामान लादून जाणार असाल तर वेगळ्या टाकीचा, गॅस आणि तेल पिस्टनने विभागलेला शॉक घ्या. ॲडजस्टमेंट किती हव्यात? रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत येतानाचं डॅम्पिंग, हवंच. सामानाचं वजन बदलत असेल तर हायड्रॉलिक प्रीलोड नॉबवर पैसे घालवा. कम्प्रेशन म्हणजे शॉक दबतानाचं डॅम्पिंग; ते हाय-स्पीड आणि लो-स्पीड (दांडा झटक्यात किंवा सावकाश आत जातो तेव्हाचं) असं वेगवेगळं नसलं तरी बहुतेकांचं काहीच अडत नाही.

शॉकची लांबी, म्हणजे वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर, मूळ शॉकइतकीच ठेवा. लिंकेजमुळे ५ मिमी लांब शॉकने गाडी मागून १५ मिमी उचलली जाते. मग स्टीअरिंग चपळ, थोडं अस्थिर होतं, साइड स्टँड आखूड पडतो आणि चेनची रेषा बदलते. स्प्रिंगला पूर्ण मिटण्याआधी पुरेशी जागा आहे ना तेही विचारा: शॉकची ६० मिमी चाल अधिक २० मिमी प्रीलोड म्हणजे वेटोळ्यांमधल्या फटींची बेरीज ८० मिमीहून थोडी जास्तच हवी. नाहीतर मोठ्या खड्ड्यात वेटोळी एकमेकांवर आदळतात आणि तो हादरा थेट फ्रेमला जातो.

बसवताना

गाडी मधल्या स्टँडवर, आणि मागच्या चाकाखाली बरोबर मावेल अशी लाकडी फळी. ती नसेल तर शेवटचा बोल्ट निघताच स्विंगआर्म, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चिमटा, खाली पडतो आणि ब्रेकची नळी ताणली जाते. सीट आणि बाजूची पॅनल काढा, आधी शॉकचा खालचा बोल्ट, मग वरचा. बोल्ट ठोकून काढावा लागतोय असं वाटलं तर चाक किंचित उचला. भार उतरला की तो बोटाने सरकतो.

नवा शॉक बसवण्याआधी लिंकेजची सगळी बेअरिंग पुसून पाणी न धरणारी ग्रीस भरा. शक्य असेल तर शॉक स्प्रिंग न चढवता बसवून चिमटा पूर्ण वर-खाली करून पाहा: शॉकची टाकी, नळी किंवा नॉब कशाला घासतो ते असंच कळतं. शॉकच्या टाकीची नळी सायलेन्सरपासून दूर, चिमट्याच्या वाटेबाहेर, दोन ठिकाणी घट्ट बांधा. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्यानेच आवळा आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर परत तपासा. शेवटी चेनची ढील बघा, ती सगळ्यात जास्त ताणली जाते त्या स्थितीत, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आल्यावर. पुढच्या दिव्याचा झोतही खाली-वर झालेला असतो.

प्रीलोडची रिंग फिरवण्याआधी आट्यांमधली माती ब्रशने आणि पाण्याने पूर्ण काढा, मग तेलाचा थेंब टाका. मातीवरून रिंग फिरवली की ॲल्युमिनियमचे आटे उखडतात आणि रिंग कायमची अडकते. काम झाल्यावर वरची चेक रिंग घट्ट लावा. ती सैल राहिली तर मुख्य रिंग प्रवासात हळूहळू उतरते आणि गाडी चौथ्या दिवशी कारण नसताना मऊ वाटू लागते.

क्लिक

डॅम्पिंगचा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत हलक्या हाताने बंद करा. जोर लावला तर आतल्या, तेलाची वाट अडवणाऱ्या सुईची बैठक खराब होते. पूर्ण बंद स्थितीपासून उघडताना क्लिक मोजा आणि कंपनीने दिलेल्या आकड्यावर ठेवा. स्प्रिंग मूळ शिफारशीपेक्षा कडक असेल तर रिबाउंड दोन-तीन क्लिक जास्त बंद, कारण ती परत जोरात ढकलते. सीटवर हात टेकून जोरात दाबा आणि सोडा. मागची बाजू एकाच हालचालीत वर येऊन थांबली पाहिजे. वर जाऊन पुन्हा खाली आली तर रिबाउंड कमी आहे. जड तेलातून बाहेर आल्यासारखी रेंगाळत असेल तर जास्त आहे.

मग रस्ता. आठ-दहा किलोमीटरचा एकच टप्पा ठरवा, ज्यात काँक्रीटचे सांधे, दोन-चार गतिरोधक आणि एक खराब वळण असेल. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन क्लिकने, आणि वहीत लिहा. टायरची हवा मधे बदलू नका.

वळणातल्या लाटांसारख्या रस्त्यावर गाडी डोलते, झोका चालू राहतो: रिबाउंड दोन क्लिक बंद. एकामागोमाग खड्डे आले की पहिला मऊ, तिसरा-चौथा दगडासारखा लागतो: रिबाउंड दोन क्लिक उघडा. शॉक पूर्ण परतायच्या आत पुढचा खड्डा येतो, मागची बाजू हळूहळू खालीच बसत जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर (चालीच्या टोकाला असलेल्या मऊ ठोकळ्यावर) आदळते. ही लक्षणं कडक स्प्रिंगसारखी भासतात म्हणून लोक प्रीलोड काढतात आणि अवस्था आणखी बिघडते. काँक्रीटच्या सांध्यांवर बारीक टकटक कंबरेला लागते: कम्प्रेशन उघडा. मोठ्या खड्ड्यात तळाला लागतो पण सॅग बरोबर आहे: कम्प्रेशन बंद करत जा. सॅग बरोबर नसेल तर आधी तो, क्लिकला हात नको. हाय-स्पीड कम्प्रेशनमधला वेग गाडीचा नव्हे, दांड्याचा असतो. ताशी ३० वर धारदार दगड लागला तरी ते हाय-स्पीडच.

दोन जोड्या लिहून ठेवा: एकट्याची आणि भरल्या गाडीची. सामान चढवलं की आधी प्रीलोड वाढवा, मग रिबाउंड एक-दोन क्लिक बंद करा, आणि परतल्यावर दोन्ही मागे घ्या. हे आकडे चिकटपट्टीवर लिहून सीटखाली आतल्या बाजूला चिकटवा.