महापौरांचा प्राधान्यक्रम कसा तपासावा : पुणेकरांसाठी मार्गदर्शन

पदभार स्वीकारल्यावर महापौर आपला प्राधान्यक्रम जाहीर करतात आणि त्यात वाहतूक, पाणी, कचरा व नदी हे विषय बहुधा असतातच. ही यादी तपासायची असेल, तर आधी महापौरांच्या अधिकारांची मर्यादा समजून घ्यावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, निविदा आणि खर्चाचे मोठे प्रस्ताव सोळा सदस्यांच्या स्थायी समितीपुढे जातात आणि महापौर मुख्य सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात. पदाची मुदतही अडीच वर्षांचीच, म्हणजे हाती दोन, फार तर तीन अंदाजपत्रके. त्यामुळे वीस-पंचवीस कलमी यादी पाहिली की ती प्राधान्यक्रम नसून इच्छांची यादी आहे, असे खुशाल समजावे.

त्यानंतर प्रत्येक आश्वासनापुढे ते काम कोणाच्या अखत्यारीत येते, हे लिहावे. मेट्रो बहुतांशी महामेट्रोकडे, वाहतुकीचे नियमन पोलिसांकडे आणि खडकवासला साखळीतील धरणे जलसंपदा विभागाकडे आहेत. ‘धरणातून वाढीव पाणी मिळवू’ हे आश्वासन म्हणूनच मुंबईतल्या निर्णयावर अवलंबून असते, तर गळती, मीटर, साठवण टाक्या आणि टँकरचा हिशेब हे महापालिकेचे स्वतःचे काम आहे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे शहराच्या हद्दीत आली, तेव्हा ‘सर्वांना पूर्ण दाबाने पाणी’ असे ऐकले की कोणत्या भागाला आणि कोणत्या टाकीवरून, हे विचारणे रास्तच ठरते.

बससेवेचे उत्तर थोडे निराळे आहे. पीएमपी ही २००७ मध्ये स्थापन झालेली स्वतंत्र कंपनी असली, तरी तिच्या संचलनातील तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका ६० : ४० या प्रमाणात सोसतात. बससेवा सुधारण्याची घोषणा खरी आहे की नाही, हे पाहायचे असेल तर भाषण सोडून तूट आणि बसखरेदी यांसाठी केलेल्या तरतुदीकडे वळावे.

खरी तपासणी अंदाजपत्रकातच होते. आयुक्तांचे अंदाजपत्रक, स्थायी समितीने त्यात केलेली वाढ आणि मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, हे तीन आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. तरतूद भरघोस आणि मागील खर्च नगण्य असेल, तर अडथळा पैशाचा नसून भूसंपादनाचा, निविदेचा किंवा इच्छेचा आहे. ज्या कामापुढे केवळ नाममात्र रक्कम दिसते, ते काम त्या वर्षी होणार नाही, असे धरून चालावे.

एवढ्यावर मात्र थांबू नये, कारण मंजूर झालेली तरतूद वर्षभर जागेवर राहतेच असे नाही. एका कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळवण्याच्या प्रस्तावाला महापालिकेत वर्गीकरण म्हणतात, आणि माझ्या मते कोणत्याही कारभाऱ्यांचा खरा प्राधान्यक्रम जाहीरनाम्यापेक्षा या प्रस्तावांत अधिक स्पष्ट उमटतो. समजा, पदपथांसाठी राखलेली रक्कम फेब्रुवारीत कमानी आणि सुशोभीकरणाकडे वळली, तर पादचाऱ्यांचे स्थान कितवे, हे निराळे सांगावे लागत नाही. स्थायी समिती आणि मुख्य सभा यांच्या कार्यपत्रिकांत असे विषय एकापाठोपाठ एक येतात आणि पुष्कळदा चर्चेविना मंजूर होतात. मार्च २०२२ पासून निवडणूक होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षे, प्रशासकांच्या काळात तर अशी चर्चा करायला सभागृहच नव्हते. आता ते आहे, तेव्हा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांनी कोणत्या वर्गीकरणाला सूचक किंवा अनुमोदक म्हणून नाव दिले, हे अवश्य पाहावे.

कागदांबरोबर एखादे काम प्रत्यक्षही पाहावे, आणि त्यासाठी पदपथासारखे सोपे काम नाही. सोबत मोजपट्टी घ्यावी आणि रुंद, देखण्या भागात न मोजता विजेचा फीडर पिलर (पदपथावरची वीजवितरणाची पेटी), झाडाचा पार किंवा बसथांबा जिथे आडवा येतो तिथे मोजावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. पदपथ जिथे संपतो तिथे उतार आहे की गुडघ्याएवढी पायरी, आणि दुचाकी रोखण्यासाठी लावलेल्या खांबांमधून चाकाची खुर्ची जाते का, हेही नोंदवावे. छायाचित्रासह ही नोंद क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

माहिती मागायची झाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवावा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. ‘महापौरांनी काय केले?’ असा प्रश्न निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी ठरावाची प्रत, कार्यादेशाची तारीख आणि अदा केलेल्या देयकांची रक्कम मागावी. स्वतःच्या परिसरातील एखादे छोटे काम सुचवायचे असेल, तर पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकासाठी सूचना मागवल्या जातात. त्याचा अर्ज पावसाळा संपण्याच्या सुमारास निघतो का, याकडे लक्ष ठेवावे, कारण त्याची मुदत हातची गेली की तो विषय पुढील वर्षावर ढकलला जातो.