केनियात विकास-अर्थशास्त्राचं काम करायचंय? आधी मक्याचं माप शिका

अर्जात 'आफ्रिकेत काम करायची इच्छा आहे' असं लिहू नका. वाचणारा तिथेच अर्ज बाजूला ठेवतो. खंडात 54 देश आहेत. देश लिहा, जमलं तर जिल्हाही लिहा, आणि तिथला कोणता प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नाही तेही सांगा. माझं काम पश्चिम केनियात, बुंगोमा-बुसियाच्या पट्ट्यात झालं, म्हणून खालचं सगळं तिथलंच आहे.

हा पट्टा आमच्या क्षेत्रात फार गाजलेला. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी 1998 पासून बुसियातल्या 75 शाळांत जंताच्या गोळ्यांचा परिणाम तपासला. निबंध 2004 साली छापून आला, केनिया सरकारचा शाळांमधला राष्ट्रीय कार्यक्रम 2009 साली सुरू झाला आणि क्रेमर यांना अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासोबत नोबेल मिळालं ते 2019 मध्ये. नवख्यांच्या डोक्यात शेवटचं साल असतं. तुमच्या वाट्याला येणार 1998 मधल्यासारखं काम, म्हणजे याद्या, फेऱ्या, चिखल आणि टॅबलेटचं चार्जिंग.

त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे मोजणं. 'गेल्या हंगामात मका किती झाला?' हा प्रश्न कागदावर एका ओळीचा आहे. शेतकरीण सांगते, 'तीन पोती आणि सहा गोरोगोरो.' गोरोगोरो म्हणजे बाजारात मका मोजायचा पत्र्याचा डबा, साधारण 2 किलोचा. पण डबा काठोकाठ भरला होता की शिगोशीग? पोतं 90 किलोचं होतं की दुसऱ्याच कशाचं रिकामं पोतं वापरलं? मका वाळलेला होता की कणसासकट? त्याच वावरात घेवड्याचं आंतरपीक असेल तर 'मक्याखाली किती एकर' याचं उत्तर काय लिहायचं? आणि पोरांनी कोवळी कणसं भाजून खाल्ली, ती तर कुणीच मोजलेली नसतात. चांगला सर्वेक्षक डबा मागवून घेतो, समोर ठेवतो आणि मग विचारतो. तिथल्या स्थानिक सर्वेक्षकांकडून मी जे शिकलो, ते एकाही अभ्यासक्रमात नव्हतं. त्यांना नुसते 'डेटा आणणारे' समजणारे उच्चशिक्षित बरेच भेटतील, त्यांच्यातले होऊ नका.

ही मापाची भानगड गावापुरती नाही. घानाने नोव्हेंबर 2010 मध्ये जीडीपीचं आधारवर्ष (ज्या वर्षाला धरून हिशोब मांडतात ते) बदललं आणि अर्थव्यवस्था कागदावर सुमारे 60 टक्क्यांनी मोठी झाली. नायजेरियाचा आकडा 2014 मध्ये तसाच जवळपास 89 टक्क्यांनी फुगला आणि तो देश दक्षिण आफ्रिकेच्या पुढे गेला. केनियाही त्याच वर्षी 25 टक्क्यांनी वाढला. त्या दिवशी कुणाच्याही ताटात जास्तीची भाकरी पडली नव्हती. तेव्हा देशोदेशींच्या तुलनेचे तक्ते बघताना पहिला प्रश्न 'हा आकडा कुणी, कसा मोजला' हाच ठेवा.

माप जमलं की प्रश्न दिसू लागतात. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, फीसाठी पैसे हवे असतात, म्हणून सुगीनंतर भाव पडलेले असतानाच शेतकरी मका विकतो आणि पुढे टंचाईत तोच मका महाग दराने विकत घेतो. याच भागात वन एकर फंड या संस्थेबरोबर झालेल्या एका अभ्यासात सुगीच्या वेळी कर्ज मिळालेल्या शेतकऱ्यांनी मका साठवला आणि गुंतवणुकीवर सुमारे 29 टक्के परतावा मिळवला. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. जिथे खूप शेतकऱ्यांना कर्ज मिळालं, तिथे सुगीतला बाजारभावच वर सरकला आणि कर्जदारांचा फायदा घटला. दहा जणांवर यशस्वी झालेली योजना दहा हजारांवर वेगळीच वागते, हे धोरणवाल्यांना सांगायचं काम तुमचं.

परवानग्यांना वेळ धरा. आधी मान्यताप्राप्त नैतिकता समितीची मंजुरी, मग नाकोस्टीचा, म्हणजे केनियाच्या राष्ट्रीय विज्ञान आयोगाचा, संशोधन परवाना. परदेशी माणसाला स्थानिक संस्थेशी संलग्नता लागते. त्यानंतर काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पत्र, मग चीफ आणि असिस्टंट चीफ हे स्थानिक सरकारी अधिकारी, आणि शेवटी गावातला वडीलधारा. ही उतरंड चुकवून गावात शिरलात तर दार कुणी उघडणार नाही, आणि ते योग्यच आहे.

धोरणात शिरायचं असेल तर 2010 ची राज्यघटना वाचा. शेती आणि आरोग्याचा बराचसा कारभार तिच्यामुळे 47 काउंटी सरकारांकडे गेला. नैरोबीच्या मंत्रालयात सुंदर सादरीकरण करून काही हलत नाही, कारण पैसा काउंटीच्या अंदाजपत्रकात असतो. आर्थिक वर्ष जुलै ते जून, आणि राष्ट्रीय पातळीवरचे अंदाज 30 एप्रिलपर्यंत संसदेत जातात. मे महिन्यात निष्कर्ष घेऊन पोचलात तर चहा मिळेल.

नोकरीचं बोलायचं तर 2025 मध्ये यूएसएड ही अमेरिकी सरकारची परदेशी मदत संस्था बंद झाल्यापासून बाजार आक्रसला आहे. शिवाय रिसर्च असोसिएटच्या जागांवर केनियन पदवीधरांचा हक्क आधी, आणि वर्क परमिट देणारेही तेच विचारतात. मग तुम्हाला घ्यायचं कशासाठी, याचं उत्तर तयार ठेवा. स्टाटा किंवा आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर पक्कं हवं, स्वाहिली कामापुरती तरी हवी. पुण्यामुंबईत बसून सुरुवात करायची तर मलावी, युगांडा, टांझानियाची जागतिक बँकेची घरोघरची सर्वेक्षणं मोफत उतरवून घ्या आणि त्यातली स्थानिक मापं किलोत बदलून बघा. नैरोबीत 1988 पासून चालणाऱ्या आफ्रिकन इकॉनॉमिक रिसर्च कन्सोर्टियमचे आणि किप्रा या सरकारी धोरण-संशोधन संस्थेचे निबंध वाचा. आफ्रिकेवरचं सगळं ज्ञान अमेरिकेतून येतं, हा समज तिथे गळून पडतो.

मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न सांगून ठेवतो. एकाच सर्वेक्षकाने आणलेल्या सगळ्या घरांची जमीन बरोबर एक एकर निघाली, तर काय कराल? 'त्याला काढून टाकेन' म्हणालात की संपलं. त्यांना ऐकायचं असतं ते असं: दुसऱ्या सर्वेक्षकाला त्यातल्या काही घरी पाठवून तेवढाच प्रश्न पुन्हा विचारून घेईन, शेजारच्या गावाचे आकडे काढेन, आणि पुढच्या दिवशी त्या माणसाबरोबर स्वतः फिरेन.