तबेल्याच्या मातीतला बॅक्टेरिया 'नवीन स्पीशीज' आहे असं कधी म्हणायचं

आरे कॉलनीतल्या तबेल्यामागची शेण मुरलेली माती घ्या नाहीतर रुळांच्या कडेच्या पालकाच्या वाफ्यातली, दोन्हीकडे खजिना आहे. फक्त वाफेवाल्याला आधी विचारा. वरचा थर बाजूला सारून मुळांजवळची माती निर्जंतुक पिशवीत भरायची, आइसबॉक्समधून त्याच दिवशी लॅबला न्यायची, आणि जागा, तारीख, खत कुठलं टाकलंय हे तिथेच उभं राहून लिहायचं, पेपर लिहिताना हेच सगळं लागतं.

१ ग्रॅम माती ९ मिली सलाइनमध्ये, मग दहा-दहा पट डायल्यूशन, शेवटच्या दोन-तीन नळ्यांमधून प्लेटवर पसरवा. मीडियम (ज्यावर बॅक्टेरिया वाढवतो ते खाद्य) हलकं घ्या, आर२ए नावाचं कमी पोषणाचं आगर किंवा दहापट पातळ केलेलं न्यूट्रियंट आगर, भरपूर खाऊ दिला की बॅसिलस अख्खी प्लेट व्यापून बसतात. पावसाळ्यात मुंबईत बुरशी हमखास येते, ती रोखायला सायक्लोहेक्झिमाइड हे रसायन घालता येतं पण ते विषारी आहे, ग्लोव्ह्ज घालूनच. ३० डिग्रीला ठेवा आणि प्लेट लगेच फेकू नका. पहिल्या दिवशीच्या मोठ्या कॉलनी बहुतेक ओळखीच्याच असतात. आठवड्याने, कधी दोन आठवड्यांनी, प्लेट उजेडात तिरकी धरली की कडेला टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसतात, मला तरी खरी आशा तिथेच वाटते.

तो ठिपका तीन-चार वेळा स्ट्रीक करून (ताज्या प्लेटवर रेघा ओढून वेगळा करत) शुद्ध करा, मायक्रोस्कोपखाली एकच प्रकारच्या पेशी दिसल्या पाहिजेत. बाकी काही करायच्या आधी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला स्टॉक.

मग १६एस जीन (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात तो रायबोसोमचा जीन) सिक्वेन्स करा, साधारण १५०० बेस, २७एफ आणि १४९२आर प्रायमरने (जीनच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे). साध्या ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवायचं ऑनलाइन टूल) वरती 'अनकल्चर्ड'च्या नोंदी येतात त्यांचा उपयोग नाही, ईझीबायोक्लाउड या डेटाबेसवर टाइप स्ट्रेनशी (स्पीशीजचं नाव ज्या मूळ नमुन्यावरून ठरलं तो) जुळवा. ९८.७ टक्क्यांच्या खाली आलं तर नवीन असायची शक्यता चांगली. पण इथेच बरेच जण थांबतात आणि जाहीर करून टाकतात, ते कृपया करू नका! आणि वर आलं म्हणजे जुनंच असंही नाही, बॅसिलस सेरियस, अँथ्रासिस आणि थुरिंजिएन्सिस यांचं १६एस जवळपास सारखंच आहे तरी स्पीशीज वेगळ्या मानतात.

निकाल लागतो जिनोमवर, म्हणजे सगळा डीएनए सिक्वेन्स करून. जवळच्या टाइप स्ट्रेनशी एएनआय (दोन जिनोममधलं सरासरी साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच (दोन डीएनए किती जुळतात याचा कॉम्प्युटरवरचा अंदाज) ७० टक्क्यांच्या खाली हवं, दुसऱ्यासाठी टीवायजीएस ही वेबसाइट फुकट आहे. जिनोममधलं १६एस काढून आधीच्या सिक्वेन्सशी ताडून बघा, जुळलं नाही तर कल्चरमध्ये दुसरं कोणीतरी घुसलंय.

ग्रॅम स्टेन, कॅटालेज आणि ऑक्सिडेज या एन्झाइमच्या टेस्ट, मीठ-पीएच-तापमानाची रेंज, साखरा, आणि पेशीतले फॅटी ॲसिड, क्विनोन, पोलर लिपिड हे सगळं जवळचा टाइप स्ट्रेन मागवून शेजारी शेजारी करायचं. दुसऱ्यांच्या पेपरमधली फॅटी ॲसिडची आकडेवारी उचलू नका, मीडियम आणि तापमान बदललं की तीही बदलते.

नाव लॅटिन व्याकरणात बसवा, स्वतःचं नाव देऊ नका. स्ट्रेन (तुमचं शुद्ध केलेलं कल्चर) दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये (जिवंत सूक्ष्मजीव जपून ठेवणाऱ्या संस्था) जमा लागतो, आपल्याकडे पुण्याचं एमसीसी किंवा चंदीगडचं एमटीसीसी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवीन टॅक्सॉन (स्पीशीजसारखा वर्गीकरणाचा गट) नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना जमा करावाच लागतो, परदेशी पाठवायच्या आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचा. या कागदांना वेळ लागतो, म्हणून जिनोमचा निकाल हातात आला की त्याच आठवड्यात अर्ज टाका, आयजेएसईएम (नवीन बॅक्टेरिया जिथे छापतात ते जर्नल) जमा केल्याची सर्टिफिकेटं मागतंच.