मिरगाआधी फाउंड्री गाठा : १:६ रणगाड्याच्या ओतकामाची तयारी

शर्मन या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रणगाड्याचं १:६, म्हणजे खऱ्याच्या एक षष्ठांश मापाचं मॉडेल करायचं, तर पहिलं काम मोजदादीचं. फाउंड्रीला, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्याला, फोन लावण्याआधी वहीत कुठल्या भागाचे किती नग लागतील ते लिहा. उभ्या स्प्रिंगच्या जुन्या सस्पेन्शनवरच्या शर्मनला एका बाजूला ट्रॅकच्या ७९ कड्या, म्हणजे दोन्हींच्या १५८. चाकं १२, बोगी (चाकांच्या जोड्या धरणारे सांगाडे) ६. ओतकामात फुकट जाणारे आणि पुढे मोडणारे धरून कड्या १७५ आणि चाकं १४ मागा.

हा आकडा आधी हवा, कारण आपल्या कामात पैसा धातूपेक्षा पॅटर्नवर, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा उठवतात त्या नमुन्यावर, जास्त जातो. समजा एका पॅटर्नला १२,००० रुपये पडले. कडीच्या १७५ नगांवर वाटले तर नगामागे सुमारे ६९ रुपये येतात. तेवढाच खर्च चाकाच्या १४ नगांवर वाटला तर नगामागे ८५७. म्हणून चाकांच्या पॅटर्नचा खर्च वाटून घेणारा एखादा जोडीदार शोधा, किंवा पॅटर्न लाकडाचा करून घ्या. सावंतवाडीकडे खेळणी कातणारे कारागीर आहेत, गोल चाक कातणं हे त्यांच्या रोजच्या हातातलं काम. लाकूड शिवणीचं, नीट वाळलेलं द्या. ते हलकं असतं आणि फारसं वाकत नाही.

मग धातू ठरवा. कडी अ‍ॅल्युमिनियममध्ये ४० ग्रॅमची झाली तर १५८ कड्यांचे सव्वासहा किलो होतात. त्याच पितळेत ओतल्या तर वीस किलोच्या आसपास, आणि मग मोटर, गिअरबॉक्स, बॅटरी सगळंच वाढवावं लागतं. माझ्या मते कड्या आणि चाकं अ‍ॅल्युमिनियमचीच बरी. हूक, बिजागऱ्या, हॅचच्या (वरच्या झाकणांच्या) मुठी मात्र पितळेत, मेणाच्या साच्यातून दागिने ओतणाऱ्याकडून करून घ्या. तिथे बारकावा सुरेख उतरतो. कड्यांच्या पिना साध्या लोखंडाच्या नकोत. स्टेनलेस घ्या आणि ग्रीस लावून बसवा, नाहीतर आपल्या खाऱ्या हवेत त्या जाम होतात. १:१६ मापाचं मॉडेल करणाऱ्या मित्राच्या खर्चावरून स्वतःचा अंदाज बांधू नका. १:६ ला तोच भाग जवळजवळ १९ पट धातू खातो.

आता श्रिंकेज, म्हणजे धातूचं आकसणं. हे मी फार महागात शिकलो. खऱ्या कडीचा पिच, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर, ६ इंच, म्हणून मॉडेलवर तो बरोबर १ इंच, २५.४ मिलिमीटर. मी पॅटर्न त्याच मापाचा केला आणि पिनांच्या भोकांच्या खुणाही त्याच्यावरच ठेवल्या. अ‍ॅल्युमिनियम थंड होताना साधारण १.३ टक्के आकसतं. एका कडीत फक्त ०.३३ मिलिमीटर गेले, हाताला कळलेही नाहीत. पण ७९ कड्यांत ते २६ मिलिमीटर झाले, म्हणजे एक अख्खी कडी गायब. ट्रॅक स्प्रॉकेटच्या, म्हणजे त्याला ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांवर चढेचना. सगळा लॉट भंगारात गेला. तेव्हा पॅटर्न तेवढा वाढवून करा. तयार ओतलेली कडीच पॅटर्न म्हणून वापरू नका, ती आधीच एकदा आकसलेली असते. भोकं ओतून मागू नका, जिगमध्ये, म्हणजे प्रत्येक कडी एकाच जागी पक्की धरणाऱ्या चौकटीत, धरून ड्रिल करा. त्या ड्रिलिंगचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे धरा, बरेच जण हेच विसरतात.

दर विचारताना स्पष्ट बोला. दर किलोवर की नगावर? फेटलिंग, म्हणजे ओतलेल्या नगाची घासून सफाई, त्यात आलं का? छिद्राळ निघालेला नग बदलून मिळणार का? जीएसटी धरलाय का? पॅटर्न आपल्याला परत मिळणार ना? त्याच्यावर रंगाने नाव घाला.

तारीखही ठरवा. रत्नागिरीहून कोल्हापूरच्या फाउंड्रीत आंबा घाटातून जायचं तर मिरग लागायच्या आत माल हातात यायला हवा. कारण फक्त घाटाचं नाही. ओलाव्यातला हायड्रोजन वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळतो आणि गोठताना बारीक छिद्रं सोडतो. पावसाळ्यात हे सांभाळणं छोट्या फाउंड्रीला जड जातं. पॅटर्नही आपल्याकडच्या दमट हवेत उघडा ठेवू नका, सँडिंग सीलर मारून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा.

नमुन्याला दोन कड्या मागू नका, दहा मागा. ड्रिल करून पिना घाला, ताणून सरळ ठेवा आणि पहिल्या पिनेपासून दहाव्या पिनेपर्यंत मोजा. ९ इंच, म्हणजे २२८.६ मिलिमीटर भरले तर उरलेल्या १६५ ची ऑर्डर द्या. २२५-२२६ च भरले तर ऑर्डर थांबवा आणि पॅटर्न परत सुताराकडे न्या.