‘आबा, तुम्ही बसा’: म्हातारपणी माणसाला घरी बसवणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापुरात आईवडलांना मुद्दाम कुणी घरात कोंडत नाही. मायेनं बसवतात. “आबा, तुम्ही बसा, मी आणतो.” गंगावेशीतलं दूध मुलगा आणतो, मंडईतली भाजी सून आणते, बँकेचं काम नातू मोबाइलवर उरकतो. काही महिन्यांत आबांची ये-जा दिवाण ते टीव्ही एवढीच उरते. मग घरचेच म्हणतात, “पूर्वी किती हिंडायचे, आता इच्छाच नाही.”

हातातलं काम काढून घेणं ही यातली सगळ्यात मोठी चूक. दुधाला जाणं म्हणजे नुसतं दूध आणणं नव्हे. चप्पल घालायची, उंबरा ओलांडायचा, पायऱ्या उतरायच्या, एका हातात किटली धरून तोल सांभाळायचा आणि कट्ट्यावर दुधाच्या भावावरून कुणाशी तरी हुज्जत घालायची. व्यायाम आणि गप्पा एकाच फेरीत होतात. ही फेरी थांबली की पुढं फिजिओथेरपिस्टला पैसे देऊन खुर्चीतून उठायचं शिकावं लागतं, आणि तिथं हुज्जतीला कुणी नसतं. वेळ लागू दे, थोडं सांडू दे. जड पिशवी तेवढी तुम्ही धरा.

“रोज रंकाळ्याला फेरी मारतात की!” चांगलंच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल सांगते आणि त्यात किमान ३ दिवस तोल व ताकदीचा व्यायाम हवा म्हणते. हे दुसरं सगळे विसरतात. केएमटीच्या (शहर बसच्या) पायरीवर चढायला मांडीत जोर लागतो. ओटा धरून टाचा उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, इथून सुरुवात करा; तालमींच्या गावाला बैठका काय शिकवायच्या!

घरी तपासायचं तर शेजारी कुणीतरी उभं राहा. खुर्चीतून उठून, ३ मीटर नेहमीच्या चालीनं जाऊन, वळून, परत येऊन बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका वाढलाय. डॉक्टरांना दाखवा.

आक्कांनी अचानक भजनी मंडळ सोडलं? “मन लागत नसेल” म्हणून विषय मिटवू नका. आधी कान बघा. गलक्यात शब्द कळत नाहीत, मग माणूस नुसता हसून मान डोलावतो आणि शेवटी जायचंच टाळतो. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर संध्याकाळी परतायची भीती वाटते. आणि लघवी. दर तासाला जावं लागतं, तिथं सोय नाही, हे आक्का सुनेलाही सांगत नाहीत. त्या पाणीच कमी पितात, आणि मग चक्कर येते ती वेगळीच. या सगळ्यावर उपचार आहेत, पण विचारावं लागतं, तेही चारचौघांत नाही.

काठी बहुतेकांची चुकते. सरळ उभं राहून हात खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यावी. दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. आपल्याकडं सर्रास त्याच बाजूला धरतात. कोल्हापुरी पायताणाबद्दल बोललं तर गावाला राग येईल, पण गुळगुळीत झालेला कातडी तळ ओल्या फरशीवर घसरतो आणि टाचेला पट्टा नसतो. लग्नाकार्यात जरूर घालावं. पावसाळ्यात मागून पट्टा असलेली, खरबरीत रबरी तळाची चप्पल बरी.

“एकदा जोतिबाला जाऊया” असं मोघम बोलू नका, वार ठरवा. राज्याच्या एसटीत ६५ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ नंतर प्रवास मोफत. वयाचा पुरावा खिशात हवा.

हळूहळू मंदावणं वेगळं. काल चालणारा माणूस आज उठेना, बोलणं अडखळतंय, भलतंच बोलतोय, तर “वयच झालं” म्हणू नका. संसर्ग, नवी सुरू झालेली गोळी, पक्षाघात, काहीही असू शकतं. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करा. बाकी काही असलं तरी दवाखाना त्याच दिवशी गाठा.