रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट नातेवाइकांनी कसा वाचावा

रुग्णालयात दाखल होऊन दोन दिवस उलटल्यावर, विशेषतः सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस चालू असताना, रुग्णाला थंडी वाजून ताप आला, रक्तदाब घसरला किंवा तो एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची शंका घेऊन रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी, पाठवले जाते. त्याचा रिपोर्ट पुढे व्हॉट्सॲपवरून ओळखीपाळखीच्या सगळ्या डॉक्टरांकडे फिरतो. त्याऐवजी तो कसा वाचायचा हे समजून घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच नेमके प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

पहिला प्रश्न रिपोर्ट येण्याच्या आधीचा आहे: रक्त अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी घेतले का, आणि किती ठिकाणांहून घेतले? प्रौढ रुग्णाचे रक्त दोन वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक जागेचे दोन बाटल्यांत, दर बाटलीत साधारण ८ ते १० मिलिलिटर असे घ्यावे लागते. चार बाटल्या पाहून नातेवाईक हरकत घेतात. परंतु गंभीर संसर्गातही एक मिलिलिटर रक्तात एखादाच जंतू असू शकतो, त्यामुळे कमी रक्त घेतले तर जंतू हाती न लागण्याचा धोका वाढतो. रुग्ण शॉकमध्ये (रक्तदाब धोकादायकरीत्या घसरलेला) असेल तर मात्र कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवून ठेवायचे नसते. ते तासाभरात सुरू झाले पाहिजे.

बाटल्या यंत्रात साधारण पाच दिवस ठेवतात, पण खरे रोगजंतू बहुधा पहिल्या ४८ तासांतच वाढलेले दिसतात. बाटली पॉझिटिव्ह होताच प्रयोगशाळा ग्रॅम स्टेन करून (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून) वॉर्डला फोनवर कळवते. जंतूचे नाव आणि कोणते औषध चालेल याचा तक्ता त्यानंतर एक-दोन दिवसांत येतो. म्हणून 'रिपोर्ट आला का?' याऐवजी 'प्रयोगशाळेचा प्राथमिक निरोप आला का, आणि त्यावरून औषध बदलले का?' असे विचारावे.

तक्त्याकडे वळण्याआधी जंतूचे नाव पाहावे. चारपैकी एकाच बाटलीत कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस वाढला असेल, तर तो बऱ्याचदा रक्त घेताना कातडीवरून आलेला असतो आणि त्यासाठी उपचार लागतोच असे नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र एका बाटलीत आला तरी दुर्लक्ष करून चालत नाही. त्यासाठी कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत पुन्हा पुन्हा करावे लागते आणि हृदयाच्या झडपा तपासायला टू-डी एकोही करतात. ई. कोलाय, क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर किंवा स्यूडोमोनास ही नावे आली, तर संसर्ग खराच मानतात.

आता तक्ता. यात सर्वाधिक गैरसमज होतो तो औषधापुढच्या एमआयसी या आकड्याबाबत, म्हणजे जंतूची वाढ रोखायला औषधाचे किमान किती प्रमाण लागते त्याबाबत. मेरोपेनेमपुढे ०.२५ आणि पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमपुढे ४ असे लिहिले असेल, तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो, कारण प्रत्येक औषधाची मर्यादा निराळी असते. पाहायचे ते एस (औषध चालते), आय (मधली स्थिती) किंवा आर (औषध चालत नाही) हे अक्षर, आणि तेही पुरेसे नसते. समजा, ई. कोलायच्या रिपोर्टमध्ये सेफ्ट्रिॲक्सोनपुढे 'आर' आणि पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमपुढे 'एस' आहे. तरीही डॉक्टर मेरोपेनेम देतात, तेव्हा ते उगाच महागडे औषध देत आहेत असे समजू नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीत, सेफ्ट्रिॲक्सोनला न जुमानणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाच्या रक्तसंसर्गात पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम घेणाऱ्यांपैकी १२.३ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले, तर मेरोपेनेम घेणाऱ्यांपैकी ३.७ टक्के. तसेच टायगेसायक्लिनपुढे 'एस' असले तरी त्या औषधाची रक्तातील पातळी कमी राहते, त्यामुळे रक्तसंसर्गात केवळ त्याच्यावर विसंबणे योग्य नाही.

मेरोपेनेमपुढेच 'आर' असेल तर परिस्थिती गंभीर असते, पण हात टेकण्याची वेळ आलेली नसते. 'आता हायर अँटिबायोटिक द्या' हा आग्रह इथे निरर्थक ठरतो, कारण औषध कोणते ते जंतूकडच्या, अँटिबायोटिक निकामी करणाऱ्या एन्झाइमवर ठरते. क्लेब्सिएलाकडे ऑक्सा-४८ हे एन्झाइम असेल तर सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम सहसा चालते. एनडीएम हे एन्झाइम असेल तर ते औषध एकटे चालत नाही, त्याच्या जोडीला ॲझट्रिओनॅम द्यावे लागते. आणि ॲसिनेटोबॅक्टरवर या जोडीचा भरवसा धरता येत नाही. भारतात एनडीएम पुष्कळ आढळतो, म्हणून 'एन्झाइमची तपासणी केली आहे का?' हा प्रश्न अवश्य विचारावा. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायची वेळ आली तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) रोज पाहिले जाते ना, याची खात्री करावी, कारण हे औषध मूत्रपिंडाला बाधते.

अँटिबायोटिकइतकेच संसर्गाचे मूळ काढणे महत्त्वाचे असते, आणि याविषयी नातेवाईक फारसे विचारत नाहीत असे दिसते. लाइनमधून आणि हातातून एकाच वेळी घेतलेल्या रक्तापैकी लाइनची बाटली दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झाली, तर लाइनवरच संशय जातो. पोटात पू असेल तर तो बाहेर काढल्याशिवाय कोणतेही औषध पुरे पडत नाही.

औषध किती दिवस? मूळ दूर झाले असेल आणि रुग्ण सुधारत असेल, तर बऱ्याच रुग्णांना सात दिवस पुरतात. २०२४ च्या बॅलन्स चाचणीत सात दिवसांचा उपचार चौदा दिवसांच्या तुलनेत कमी पडला नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियसचे रुग्ण त्या चाचणीत नव्हते. त्यांना किमान चौदा दिवस, आणि अनेकदा त्याहून जास्त उपचार लागतो.

भेटायला जाताना आणि बाहेर पडताना हात सॅनिटायझरने चोळावेत, पलंगावर बसू नये. घरी सोडताना कल्चरच्या रिपोर्टची प्रत मागून फाइलमध्ये लावावी. औषधांना न जुमानणारे असे जंतू रुग्ण बरा झाल्यानंतरही आतड्यात कित्येक महिने राहू शकतात, त्यामुळे पुढे दुसऱ्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर तो रिपोर्ट केसपेपर काढतानाच तिथल्या डॉक्टरांना दाखवावा.