दिवा आत जाण्याआधी: पडद्याच्या ऑपरेशनची तयारी

डोळ्यातला पडदा (रेटिना) सरकलेला पेशंट उद्या टेबलावर येणार असेल, तर माझी तयारी आदल्या संध्याकाळी मायक्रोस्कोपच्या कव्हरपासून सुरू होते. रत्नागिरीत पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल असतेच आणि प्लास्टिकचं कव्हर ती आत धरून ठेवतं. कव्हर काढायचं, आतून हात फिरवून सुकं आहे का बघायचं, आणि भिंगांवर तिरका टॉर्च मारायचा. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. स्पिरिटच्या बोळ्याने घासू नका, भिंगावर ओरखडे पडतात आणि बुरशी राहते ती राहतेच. दुरुस्तीवाल्याला तेव्हाच फोन करा.

मग लाइट सोर्स दहा मिनिटं चालू ठेवायचा आणि दिव्याचे तास वहीत लिहायचे. डोळ्यात उजेड नेणारे लाइट पाइप दोन हवेत, एक वापरायचा आणि एक पाकीट न फोडता बाजूला. शँडेलियर (डोळ्यात बसवून ठेवायचा छोटा दिवा) लागणार का, ते सरांना, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना, आजच विचारा. ते डोळ्यात बसवलं की सरांचे दोन्ही हात मोकळे राहतात. एका हाताने बाहेरून डोळा दाबून ते पडद्याची पार कडेची पट्टी स्वतःच वर आणून बघू शकतात. यूपीएसवर व्हिट्रेक्टॉमी मशीन (डोळ्यातला जेलीसारखा व्हिट्रियस काढणारं), मायक्रोस्कोप आणि लाइट सोर्स, तिन्ही आहेत ना? नुसतं विचारू नका, प्लग काढून बघा. आमच्याकडे वादळवाऱ्यात वीज सांगून जात नाही, आणि हत्यार डोळ्याच्या आत असताना एक क्षणही अंधार चालत नाही.

ओपीडीत काढलेलं पडद्याचं चित्र सरांना बसल्या जागेवरून दिसेल असं भिंतीवर चिकटवायचं. लाल म्हणजे जागेवर असलेला पडदा, निळा म्हणजे सुटलेला, आणि निळ्या कडेचा लाल ठिपका म्हणजे छिद्र. ह्या कागदाला मी फार मानते. लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिलं की छिद्र बंद झाल्याशिवाय पडदा बसत नाही. एक छिद्र नजरेतून सुटलं तर पडदा परत सरकतो, आणि गुहागर-राजापूरहून आलेल्या माणसाला पुन्हा तीच वारी करावी लागते. आपण प्रकाशासाठी एवढी धडपड करतो ती त्या छिद्रासाठी. पडदा बघायला मायक्रोस्कोपखाली लावतात त्या बायोमच्या भिंगातून चित्र उलटं दिसतं, ते सरळ करणारा इन्व्हर्टर चालतो का, तेही आत्ताच बघा.

सकाळी बाहुली पुरती मोठी झाली आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. थेंब घातल्याची सही पुरत नाही. लहान राहिली तर ती ताणून धरणारे आयरिस हुक काढून ठेवा. भूल देणारा थेंब मात्र उगाच पुन्हापुन्हा घालू नका, त्याने कॉर्निया धुरकट होतो, आणि पुढची काचच धुरकट झाली तर मागचा दिवा कितीही चांगला असून उपयोग नाही. "काकी, डोळा मिटूनच ठेवा हां," असं दर थोड्या वेळाने सांगत राहायचं. उघडा डोळा एसीत सुकतो.

ड्रेप (डोळ्याभोवतीचं निर्जंतुक आवरण) चिकटवणं हे मला सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं. एका जुलैत, मी नवीन असताना, बायोमचं भिंग दर दोन मिनिटांनी धुरकट होत होतं. पुसलं, बदललं, कोमट सलाइनमध्ये बुडवलं, तरी तेच. शेवटी वाकून बघितलं तर नाकाच्या उंचवट्यापाशी ड्रेपला बोटभर फट होती आणि पेशंटचा श्वास तिथून थेट भिंगावर येत होता. तेव्हापासून नाकाची बाजू मी वेगळ्या टेपने बंद करते आणि ड्रेपखाली सक्शनची नळी सोडते. कॉर्नियावर पाण्याऐवजी एचपीएमसी या घट्ट जेलचा थर दिला तर तो जास्त वेळ टिकतो.

मायक्रोस्कोपचा फोकस मधोमध आणि एक्स-वाय सेंटरला आणून ठेवा. ट्रोकार (हत्यारांसाठी डोळ्यात वाट करणारी टोकदार नळी) बुबुळाच्या कडेपासून किती लांब घालायचा ते माप कॅलिपरवर आधीच लावा, पेशंटचं स्वतःचं भिंग असेल तर 4 मिलिमीटर, कृत्रिम असेल तर 3.5. डोळ्यात पाणी सोडणाऱ्या इन्फ्युजनच्या नळीचं टोक आत चमकताना दिसल्याशिवाय पाणी सुरू करायचं नाही. सरांच्या तोंडून "दिसलं" ऐकू येईपर्यंत माझा हात नळीच्या चावीवर असतो. टोक पडद्याखाली राहिलं तर पाणी पडदा आणखी उचलतं.

आता खोलीतले दिवे मालवा. लाइट कमीवर सुरू करायचा, लागेल तसा वाढवायचा. जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणं नव्हे. पहिल्या पावसात बत्ती घेऊन कुर्ल्या धरायला गेलेल्याला हे ठाऊक असतं. बत्ती समोर धरली की पाणी नुसतं लखलखतं, बाजूने धरली की दगडाआडची नांगीसुद्धा सावलीसकट उठून दिसते. पारदर्शक व्हिट्रियसही असाच तिरक्या उजेडात दिसतो, आणि तरी नाही दिसला तर ट्रायअमसिनोलोन या औषधाचे पांढरे कण त्याला चिकटतात. ते हलवून तयार ठेवा. मॅक्युलाजवळ, म्हणजे पडद्याच्या मधल्या नाजूक भागाजवळ, दिवा फार वेळ राहिला तर प्रकाशानेच इजा होते, मशीनमध्ये पिवळा फिल्टर असेल तर तो लावा.

डोळ्यात हवा भरताना पुन्हा घाई उडते. फोकस बदलतो. कृत्रिम भिंगामागची पिशवी उघडी असेल तर भिंगाच्या पाठीवर दव धरतं. त्यासाठी व्हिस्कोइलास्टिक (घट्ट पारदर्शक जेल) ट्रेवर हवंच, मागितल्यावर शोधायचं नाही. लेझरआधी मायक्रोस्कोपचा फिल्टर लावा, असिस्टंटच्या बाजूचाही.

केस संपली की बायोमचं भिंग धुऊन, पूर्ण कोरडं करून डब्यात. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले असतील तर ते बदला, आणि उघडलेल्या लाइट पाइपच्या जागी दुसरा मागवल्याची नोंद त्याच वहीत करा.